लोणारचा गाळ आणि दूरचा समुद्र

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. लोणारहून मुंबईचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या आसपास भरतो. तरीही हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस आणि त्यामागचा समुद्र समजून घेऊ पाहणारे संशोधक विद्यार्थी या जिल्ह्यात येऊन गेले आहेत, ते लोणारच्या खाऱ्या तळ्यापायी.

उल्कापाताने बेसॉल्टच्या कातळात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. तळ्यात झरे आणि ओढे उतरतात, बाहेर मात्र एकही ओहोळ जात नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१च्या आसपास असतो, लोणारचा दहाच्या घरात. एके काळी इथून क्षार काढले जात आणि त्यांच्या प्रकारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती.

हेच क्षार पुढे पीएच.डी.चा विषय झाले. अंबिली अनूप यांनी जर्मनीतल्या पॉट्सडॅममध्ये डॉक्टरेट करताना लडाखचे त्सो मोरिरी आणि आपले लोणार या तळ्यांच्या गाळावर काम केले. पुढे ते मोहालीच्या आयसर संस्थेत शिकवू लागले. तळ्याच्या तळात नळी खुपसून गाळाचा उभा दांडा काढायचा, त्याचे थर तपासायचे आणि कार्बन-१४ने त्यांचे वय ठरवायचे, अशी ही पद्धत. लोणारचा असा सुमारे दहा मीटरचा दांडा ११ हजार वर्षे मागे जातो.

त्यातल्या काही थरांत गेलुसाइटचे खडे सापडले. सोडियम आणि कॅल्शियमचे हे कार्बोनेट, पाऊस रोडावून तळे आटले आणि पाणी दाट झाले की तयार होते. म्हणजे खडे असलेला थर हा दुष्काळाचा थर. सुष्मा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दोन दीर्घ कोरडे काळ दिसतात: सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्यांचा संबंध या संशोधकांनी हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतल्या उबदार पाण्याच्या पट्ट्याशी जोडला. विदर्भातल्या तळ्याचे कोडे सोडवायला समुद्र गाठावा लागला तो असा.

समुद्रात खड्यांऐवजी शिंपले बोलतात, तेही वाळूच्या कणाएवढे. फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या चुनखडी कवचांत ऑक्सिजनची हलकी आणि जड अशी दोन्ही रूपे असतात. त्यांच्या प्रमाणावरून त्या काळच्या पाण्याचे तापमान आणि ध्रुवांवरच्या बर्फाचा साठा यांचा अंदाज येतो. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही त्यांतली एक जात पश्चिम अरबी समुद्रात विशेष कामाची. नैऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि ही जात फोफावते. तिची कवचे थरात जास्त सापडली, तर त्या काळी वारे जोरदार होते असे समजतात.

या संशोधनाच्या वाटेला लागायला बोटीवर चढावे लागत नाही, निदान सुरुवातीला तरी. रसायनशास्त्र किंवा भूशास्त्र घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी., त्यानंतर नेट किंवा गेट परीक्षा. पुढे दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा अशी दारे आहेत. काम चिकाटीचे असते. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशने एकेक कवच वेचण्यात महिने जातात.

अमरावती विद्यापीठातून बी.एस्सी. करणाऱ्या बुलढाण्याच्या मुलीला किंवा मुलाला या विषयाचा पहिला धडा घरच्या जिल्ह्यातच पाहता येईल. नमुना मात्र मनाला येईल तसा उचलता येणार नाही: लोणार हे अभयारण्य आहे, २०२०पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, आणि तिथे संशोधन करायचे तर आधी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते.