नियमित वाचन : खानदेशातील काही दाखले

स्वरूप
नियमित वाचन म्हणजे पुष्कळ वाचन नव्हे. ठरलेल्या वेळी, थोडे का होईना, खंड न पाडता केलेले वाचन. रोज दहा पाने वाचली तरी वर्षाला 3,650 पाने, म्हणजे दोनशे पानांची अठरा पुस्तके होतात. सुटीत एकदम वाचायची म्हणून ठेवलेली पुस्तके बहुधा तशीच राहतात.

सवय कशी जडते
ठरावीक वेळ, हाताशी मजकूर आणि बरोबरीने वाचणारे कोणी, एवढे जुळले की सवय जडते. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरला शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढत. वाचनाचा उपदेश करण्याऐवजी रोज नवा मजकूर पुरवण्याचे कष्टाचे काम त्यांनी पत्करले. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि गुरुजींनी ते टिपून घेतले. वार ठरलेला असल्याने अठरा रविवारांत अठरा अध्याय पूर्ण झाले.

भाषेचे अंतर
खानदेशात अनेक घरांत अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात. पाठ्यपुस्तके मात्र प्रमाण मराठीत असतात. हे अंतर वर्गातल्या तासांत पुरते भरून निघत नाही. वाचनात एकच शब्द निरनिराळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा येतो आणि संदर्भाने त्याचा अर्थ पक्का होतो. शब्द ओळखण्याचे श्रम कमी झाले की लक्ष आशयाकडे वळते, आणि पुढचे पुस्तक सोपे जाते. सुरुवात लांबली तर मागे पडणेही असेच वाढत जाते. यात बोलीचा दोष काहीच नाही.

वाचनालय
जळगावचे वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय 1877 पासूनचे. पुस्तक परत करण्याची मुदत सभासदांना जाचक वाटते खरी; पण तीच त्यांना पुन्हा कपाटांपाशी आणते. विकत घेतलेल्या पुस्तकाला अशी मुदत नसते.

मर्यादा
वाचनाने भाषा आणि माहिती वाढते. जाण वाढेलच असे नाही, आणि ती वाचनाविना येतच नाही असेही नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात, घरकामात त्या ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी त्या लिहून ठेवल्या, म्हणून 1952 मध्ये त्यांचा संग्रह निघू शकला.