गाठ नाही म्हणजे सूत्रकृमी नाही, हे कुणी सांगितले?

मोसंबीचे झाड दोन-तीन वर्षांपासून खंगत चालले आहे. पाने बारीक, शेंडे वाळलेले, फळ लिंबाएवढे. बागाईतदार आळ्यात उकरतो, मुळी हातात घेतो आणि म्हणतो, "गाठी नाहीत, म्हणजे निमॅटोड नाही." मग खताचा डोस वाढतो, बुरशीनाशकाची आळवणी होते, पैसा मातीत जातो. हे वाक्य ऐकून ऐकून आता जीव जळतो.

गाठी करणे हे मुख्यतः मेलॉइडोगायनी या एका गटाचे काम. डाळिंब, पेरू, पपईच्या मुळांवर दिसतो तो हा. लिंबूवर्गीय झाडांवरचा टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स निराळा आहे. नेथन कॉब यांनी १९१३ मध्ये त्याचे वर्णन केले. नावाचाच अर्थ 'अर्धा शिरणारा'. मादीचे तोंड मुळात रुतलेले असते आणि मागचा भाग बाहेर राहतो. ती चिकट द्रवात अंडी घालते, त्याला मातीचे कण धरतात. म्हणून पांढरी मुळी जाडसर, मळकट दिसते आणि पाण्यात खळबळली तरी माती सोडत नाही. या झाडात शोधायची ती ही खूण. गाठ तिथे सापडणारच नाही.

केळीतला रॅडोफोलस सिमिलिसही गाठी करत नाही. तो मूळ आतून पोखरतो. मूळ उभे चिरले की तांबूस-तपकिरी चट्टे दिसतात. घड भरल्यावर झाड मुळासकट आडवे होते आणि दोष वाऱ्यावर जातो.

बरे, गाठ दिसली तरी ओळख पुरी होत नाही. पेरूवरचा मेलॉइडोगायनी एंटेरोलोबी यांग आणि आयझेनबॅक यांनी १९८३ मध्ये चीनच्या हैनान बेटावरून नोंदवला. आता तो भारतातल्या पेरूबागांतही आहे. टोमॅटोच्या ज्या जनुकावर याच गटातला मेलॉइडोगायनी इनकॉग्निटा अडतो, त्याला हा जुमानत नाही. म्हणजे 'प्रतिकारक' म्हणून घेतलेले आंतरपीकच त्याला पोसू शकते. मादीच्या मागच्या टोकावरच्या रेषांची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जाती ओळखतात. पण या दोघांची नक्षी फसवी आहे, तिथे डीएनए चाचणीच लागते.

तागाच्या मुळावरच्या गाठींना घाबरू नका. त्या नत्र देणाऱ्या जिवाणूंच्या असतात आणि बोटाने सुटून येतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेले मूळच, ती सुटत नाही. मातीतले सगळे सूत्रकृमी शत्रू नाहीत, बरेचसे जिवाणू आणि बुरशी खाऊन जगतात. झेंडूने गाठीवाल्यांची संख्या घटते, पण मुळात ठाण मांडलेली मादी निघत नाही. आणि रोग नेहमी जमिनीतूनच आला असे नाही, रोपवाटिकेच्या पिशवीतूनही येतो.

तपासणीला नमुना द्याल तो मेलेल्या झाडाखालचा नको. कुजलेल्या मुळांवर उपाशी राहिलेले सूत्रकृमी तिथे फार उरत नाहीत. शेजारच्या, नुकत्याच पिवळ्या पडू लागलेल्या झाडांखालची ओलसर माती बारीक मुळ्यांसह काढा, पिशवीत बांधा, सावलीत ठेवा आणि लगेच पोहोचवा.