तुरीला थांबण्याचं बळ

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतला मराठी शेतकरी 1956 मध्ये आजच्या कर्नाटकात गेला, पण त्याच्या मालाची जुनी वाट तुटली नाही. उदगीर-लातूरचा बाजार त्याला आजही जवळचा आहे. कलबुर्गी तर कर्नाटकाचं तुरीचं कोठार. तिथल्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढं नाव असलेलं पीक पिकवणारा कोरडवाहू शेतकरी मात्र अडचणीतून सुटलेला नाही. याचं मोठं कारण शेताबाहेर आहे. जून-जुलैत पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत खळ्यावर येते आणि त्याच सुमारास उचल फेडायची असते, घरातलं लग्न किंवा दवाखाना समोर असतो. त्यामुळे सगळ्यांचे कट्टे एकाच वेळी आडतीवर जातात आणि भाव पडतो. डाळ मात्र वर्षभर विकली जाते. शेतकऱ्याचं भलं हाच उद्देश सांगणाऱ्या कोणत्याही कृषी उद्योगाची परीक्षा माझ्या मते इथेच आहे: तो शेतकऱ्याला थांबण्याचं बळ देतो का?

बियाण्याने काय साधतं आणि काय साधत नाही, हे याच भागाने पाहिलं आहे. मर रोगाने तुरीची उभी शेतं वाळत होती, तेव्हा हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने निवडलेला ‘मारुती’ हा रोगाला दाद न देणारा वाण 1986 मध्ये कर्नाटकात प्रसारित झाला आणि काही वर्षांतच कलबुर्गी (तेव्हाचं गुलबर्गा) भागात झपाट्याने पसरला. उत्पादन राखलं गेलं, पण भावाचं दुखणं तसंच राहिलं. 2015 मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. त्या भावाकडे पाहून पेरा वाढला, पाऊसही बरा झाला आणि 2016-17 मध्ये देशात विक्रमी तूर झाली. तेव्हा बोनससह 5050 रुपयांचा हमीभाव कागदावर असताना बाजार त्याच्या बराच खाली गेला. मे 2021 पासून आयातही खुली झाली. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी इथली तूर भारतात येते. तिथला शेतकरीही बहुतेक लहानच आहे आणि दिल्लीच्या एका निर्णयावर त्याचाही भाव हलतो.

गिरणीत 100 किलो तुरीची साधारण 70 किलो डाळ होते, चुनी जनावरांच्या खाद्याला जाते. या टप्प्यातली मिळकत शेतकऱ्याकडे वळवायची, तर शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीकडे खेळतं भांडवल हवं, आणि घोडं नेमकं इथेच अडतं. 2020 च्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेत भागभांडवलाला जोड म्हणून जास्तीत जास्त 15 लाख रुपये मिळतात. सभासदांचे तेवढेच धरले तरी 30 लाख झाले. 2025-26 च्या 8000 रुपये हमीभावाने त्यात 375 क्विंटल तूर येते, म्हणजे दोन-तीन ट्रक. एवढ्यावर कोणतीही डाळ मिल वर्षभर चालत नाही. नोंदणीचे आकडे मिरवण्यापेक्षा गोदाम पावतीवर स्वस्त कर्ज मिळवून देणं अधिक मोलाचं आहे. महाराष्ट्रात पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे. तारण मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी रक्कम मिळते. शेतकऱ्याची नड भागते आणि माल त्याच्याच नावावर राहतो.

यावर पहिला आक्षेप असा की, अडीनडीला रात्रीही पैसे देतो तो आडत्या. आक्षेप खरा आहे, आणि आडत्याला खलनायक ठरवून तो सुटत नाही. त्याची जागा घ्यायची, तर घरखर्चाची नड आधी भागवावी लागेल. बीदर जिल्हा सहकारी बँकेने गुरुपादप्पा नागमारपल्ली यांच्या काळात गावोगावच्या प्राथमिक संस्थांमार्फत महिला बचत गटांचं जे जाळं विणलं, त्याचं महत्त्व मला यातच दिसतं. आजारपणासाठी गटातून कर्ज मिळालं, तर तूर घाईने विकावी लागत नाही. कलबुर्गीच्या महिलांनी ज्वारीच्या भाकरीला बाजारात स्वतःचं नाव मिळवून दिलं. तेही गटाच्याच बळावर.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे: थांबूनही भाव पडला तर? साठवलेल्या तुरीला भुंगा लागतो, व्याज चढतं आणि मध्येच आयातीचा निर्णय येतो. म्हणून सगळा माल भावाच्या आशेवर अडवून ठेवणं चूकच. थोडी तूर लगेच विकावी, थोडी हमीभावाने खरेदी केंद्रावर द्यावी आणि उरलेली महिन्यामहिन्याला भरडून डाळ म्हणून विकावी. हा हिशेब एकट्या दोन एकरवाल्याला जमत नाही. संस्थेची गरज त्यासाठीच आहे.

सहकाराचा इथला अनुभव कडू आहे, हेही नाकारता येत नाही. साखर कारखाने कर्जात रुतले आणि सभासद नावापुरतेच मालक राहिले. शेतकऱ्यांची मालकी आहे एवढ्याने संस्था निर्मळ होत नाही. खरेदीचा दर, घट, भरडाईचा खर्च आणि विक्रीचा भाव दर महिन्याला गावच्या फळ्यावर लागला, नफ्यातला वाटा घातलेल्या मालाच्या प्रमाणात परत आला, तर सभासदाला जाब विचारता येतो. खासगी कंपनीलाही हीच अट लावावी. तिच्या अहवालात किती शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिलं ते असतं. जानेवारीत बाजार कोसळला तेव्हा तिने कोणत्या दराने किती क्विंटल तूर घेतली, तेही त्यात आलं पाहिजे.