ओसरीवरची गाणी आणि डोंगरातला कोळसा

लोकगायिका जीन रिची १९२२ साली अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या व्हायपर या डोंगराळ खेड्यात जन्मली, चौदा भावंडांतलं शेंडेफळ. संध्याकाळची कामं आटोपली की अख्खं घर ओसरीवर गायला बसायचं. वडील मांडीवर आडवं धरून डल्सिमर हे तंतुवाद्य वाजवत. त्याला हात लावायची मुलांना बंदी, म्हणून जीन ते चोरून शिकली.

तिच्या थोरल्या बहिणींकडून सेसिल शार्प या इंग्रज संग्राहकाने १९१७ मध्येच गाणी उतरवून घेतली होती. त्याला या डोंगरांत जुनं इंग्लंड सापडलं. रेल्वे आणि कोळसा कंपन्या तोवर येऊन ठेपल्या होत्या, पण त्याच्या वहीला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं.

विसावं शतक उजाडत असताना दलालांनी किरकोळ पैसे मोजून शेतकऱ्यांकडून खनिजाचे हक्क लिहून घेतले. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा शेतकऱ्याचा, जमिनीच्या पोटातला कोळसा कंपनीचा. तेव्हा खाण म्हणजे बोगदा. पुढे बुलडोझर आले आणि त्याच कागदाच्या जोरावर कंपन्या डोंगरच वरून खरवडू लागल्या. झाडं गेली, ओढे काळे झाले. कोर्टही कंपन्यांच्याच बाजूचं. नॉट परगण्यातली ओली कोम्ब्ज ही वृद्ध विधवा १९६५ मध्ये बुलडोझरसमोर बसली, तर पोलिसांनी तिलाच उचलून तुरुंगात नेलं.

जीनचं 'ब्लॅक वॉटर्स' याच काळ्या पाण्याबद्दल आहे. कोळशावरची काही गाणी मात्र तिने 'थॅन हॉल' या पुरुषी नावाने दिली. हॉल हे तिच्या आजोळचं आडनाव. राजकारणापासून लांब राहणाऱ्या आईला त्रास नको, हे एक कारण. बाईपेक्षा पुरुषाचं गाणं लोक जास्त मनावर घेतील, हे दुसरं. हा दुसरा हिशेब मला जास्त बोचतो. परंपरेची राखणदार म्हणून जिचे सत्कार होत होते, तिलाच कोळशावर बोलायला आडोसा लागावा!

गाण्यांनी कायदा बदलला, असा दावा मी करणार नाही. तो वर्षानुवर्षं चकरा मारणाऱ्या गावकऱ्यांनी बदलायला लावला. १९८८ मध्ये केंटकीच्या ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी घटनादुरुस्तीला कौल दिला: करार झाला तेव्हा त्या भागात खाणकामाची जी पद्धत रूढ होती तीच चालेल, डोंगर खरवडायचा तर जमीनमालकाची परवानगी हवी. तोवर बरेच डोंगर खरवडून झाले होते.