एक खेळाडू, पाच खाती

अशी कल्पना करा की, अकोल्याच्या एका मुलाने एका ऑनलाइन खेळात पाच नावांनी पाच खाती उघडली आहेत. तिकडे अमरावतीच्या एका वसतिगृहात पाच मुले एकाच वायफायवरून तोच खेळ खेळत आहेत. कंपनीच्या सर्व्हरवर दोन्ही ठिकाणांहून पाच-पाच खात्यांची नोंद होते. यांपैकी कंपनीला अधिक मोलाचे कोण? ‘अर्थातच पाच मुले’ असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. कंपनीच्या गल्ल्यात पैसा कोणत्या वाटेने येतो हे समजल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

प्रथम मासिक वर्गणीचे खेळ घेऊ. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा आइसलंडमधील सीसीपी कंपनीचा खेळ २००३ साली सुरू झाला. त्यात खेळाडू अवकाशयाने चालवतात, लघुग्रहांवरून खनिजे काढतात, व्यापार करतात, लढतात. नवे कौशल्य शिकण्यास प्रत्यक्ष घड्याळातले दिवस, कधी आठवडे लागतात. आणि सुरुवातीची कित्येक वर्षे एका खात्यातील एकच पात्र एका वेळी शिकू शकत असे. एक पात्र खाणकामात आणि दुसरे लढाईत एकदमच तयार करायचे, तर दुसरे खाते घेणे भाग! कंपनीने तर दुसऱ्या खात्यावर सवलतही देऊ केली होती.

यात कंपनीचा फायदा किती? अमरावतीच्या एखाद्या खानावळीत कोणी दोन डबे लावले, तर मालकाची मिळकत दुप्पट होते. पण कणीक आणि डाळही दुप्पट लागते. खेळाचे तसे नाही. तो तयार करण्याचा प्रचंड खर्च आधीच झालेला असतो. आणखी एका खात्यासाठी लागते ती सर्व्हरवरील थोडी जागा आणि थोडी वीज. शिवाय हे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी जाहिरात करावी लागलेली नाही. म्हणजे दुसरी वर्गणी जवळजवळ निव्वळ नफाच.

येथे एक शंका येईल. काही खेळाडू सांगतात, ‘माझी पाच खाती आहेत, पण मी एक पैसाही देत नाही.’ हे खरे असू शकते. सीसीपीने २००८ साली ‘प्लेक्स’ नावाची वस्तू आणली. एक खेळाडू ती खऱ्या पैशांनी घेतो आणि खेळातल्या चलनात दुसऱ्याला विकतो. विकत घेणाऱ्याला त्यावर महिनाभर खेळता येई. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाने २०१५ साली असेच ‘टोकन’ आणले. अमेरिकेत त्या खेळाची महिन्याची वर्गणी सुमारे १५ डॉलर होती आणि तेवढ्याच मुदतीच्या टोकनाची किंमत २० डॉलर. आता हिशेब करा. अशा ‘फुकट’ खेळणाऱ्याच्या पाच खात्यांसाठी दुसऱ्या कोणीतरी महिन्याला १०० डॉलर मोजलेले असतात. त्याने स्वतः वर्गणी भरली असती, तर कंपनीला ७५ डॉलरच मिळाले असते! माझ्यासारख्या भौतिकीच्या मास्तराला येथे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आठवल्यावाचून राहत नाही.

फुकट मिळणाऱ्या खेळांचे गणित वेगळे. २०१६ साली आलेला, महाराष्ट्रातच तयार झालेला ‘लुडो किंग’ तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. अशा खेळांना जाहिरातींतून पैसा मिळतो. जाहिरात पाहतात ते डोळे, खाते नव्हे; आणि पाच खात्यांमागे डोळे दोनच! मात्र खात्यांचा आकडा फुगतो, आणि तो जाहिरातदारांना दाखवता येतो. फेसबुकसारख्या कंपनीनेही २०१७ च्या वार्षिक अहवालात, दरमहा वापरल्या जाणाऱ्या खात्यांपैकी सुमारे १० टक्के दुबार असावीत, असा अंदाज नोंदवला होता.

पैसे लावून खेळायच्या खेळांत तर बहुखातेवाला हा तोट्याचाच. नव्या खात्याला मिळणारी स्वागताची रक्कम तो पुन्हा पुन्हा उचलू शकतो. म्हणून तेथे ‘एका माणसाचे एकच खाते’ असा दंडक असे. (भारतात अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला.)

पण माणूस एक की पाच, हे ओळखायचे कसे? केवळ आयपी पत्ता पाहून चालत नाही. एका वायफायवरची सगळी मुले बाहेरून एकाच पत्त्यावर दिसतात, आणि वसतिगृहातल्या निरपराध मुलांवर संशय येतो. त्यापेक्षा वेळेची नोंद बोलकी असते. पाचही खाती एकाच क्षणी वेगवेगळ्या लढायांत चपळाईने हालत असतील, तर खेळणारे हातही बहुधा अनेक असतात. एकाच्याच हातातली खाती आळीपाळीने जागी होतात.

ही आळीपाळी टाळण्यासाठी काहींनी युक्ती काढली. एक कळ दाबली की तीच आज्ञा सगळ्या खात्यांना पोचवणारे सॉफ्टवेअर ते वापरू लागले. एक माणूस यानांचा ताफाच्या ताफा हाकू लागला. एकेकटे खेळणारे वैतागून खेळ सोडतील, आणि गर्दीवाचून असा खेळ ओस पडतो, हा धोका होताच. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये १ जानेवारी २०१५ पासून आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये या युक्तीवर बंदी आली. बंदी आली ती त्या सॉफ्टवेअरवर. अनेक खाती बाळगायला आणि प्रत्येकाची वर्गणी भरायला दोन्ही कंपन्यांनी मोकळीक ठेवली.