तुळशीचा अर्क आणि पेशींचे रक्षण

वाडे गेले, फ्लॅट आले, तरी बाल्कनीतल्या कुंडीत तुळस आहेच. अलीकडे तिच्या अर्काच्या बाटल्याही घरोघरी दिसतात. मंडळाच्या ज्येष्ठांच्या बैठकीत एका सभासदांनी विचारले, "या अर्काने पेशींचे रक्षण होते म्हणतात. मग साखरेची गोळी बंद केली तर चालेल का?" प्रश्न अनेकांच्या मनातला आहे, म्हणून थोडी माहिती देत आहोत.

शरीरात ऊर्जा तयार होताना 'फ्री रॅडिकल्स' नावाचे कण निर्माण होतात. त्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो. आम्ही जन्मभर बँकेत काढला, म्हणून आमच्याच भाषेत सांगतो. हा कण आपली तूट भरायला शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढतो, मग शेजारी तुटीत येतो. ही साखळी पेशीच्या आवरणाला आणि डीएनएला इजा करते. अँटिऑक्सिडंट आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन देतो, तरीही स्वतः स्थिर राहतो. साखळी तिथेच तुटते.

तुळशीच्या पानांत युजेनॉल, रोझमॅरिनिक आम्ल, ओरिएंटिन, विसेनिन असे घटक असतात. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पी. उमा देवी व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उंदरांना किरणोत्सर्गापूर्वी पानांचा अर्क टोचून पाहिला. अर्क दिलेले उंदीर जास्त संख्येने वाचले आणि त्यांच्या अस्थिमज्जेतील गुणसूत्रांची हानी कमी झाली.

निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो उंदरांवरचा, टोचलेल्या अर्काचा आणि किरणोत्सर्गासंबंधीचा आहे. त्यावरून मधुमेहाची गोळी थांबवता येत नाही.

'अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले' हेही खरे नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला.

शिवाय तुळशीने रक्तातील साखर काहीशी उतरू शकते. गोळीबरोबर अर्कही घेतला तर ती प्रमाणाबाहेर खाली जाण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना अर्काविषयी आधीच सांगावे.

चहात दोन पाने खुशाल टाकावीत. अर्काची बाटली मात्र पुढच्या वेळी गोळ्यांच्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावी, एवढीच सर्व सभासदांना विनंती.