खाऱ्या पाण्यातले जुने मशीन खोलण्यापूर्वी

कोकण किनाऱ्यावर नवे आऊटबोर्ड मशीन घेणे प्रत्येक होडीवाल्याला परवडत नाही. उसनवार करून जुने घ्यायचे, मिस्त्रीकडे टाकायचे आणि हंगामाआधी होडीला लावायचे, असे अनेकजण करतात. यात वाद ठरलेला. मिस्त्री आठ दिवसांचा वायदा करतो, महिना लागतो आणि मजुरी दुप्पट होते. रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या एका शेडमध्ये दोन दिवस बसून आम्ही हे काम पाहिले. आमच्या मते भांडणाचे मूळ पिस्टन-रिंगांपेक्षा बोल्टांतच अधिक असते.

मशीनचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये खारे पाणी शिरले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात अॅल्युमिनियम खाल्ले जाते. त्यातून होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून बोल्ट आट्यांत गच्च बसतो. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर केला की डोके तुटते. आमच्यासमोरच शिकाऊ पोराने एक तोडला. पंच मारून, ड्रिल करून नवे आटे बसवण्यात उस्तादांची अख्खी दुपार गेली.

उस्तादांची स्वतःची रीत सबुरीची आहे. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडायचे. सकाळी ते पुसून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यायचे. मग गॅसच्या बत्तीने बोल्ट नव्हे, तर त्याच्या भोवतीचा ब्लॉक तापवायचा. अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगते, त्यामुळे पकड सैल होते. पाना आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा, असे मागे-पुढे करत राहायचे. पेट्रोलची टाकी, नळी आणि कार्बुरेटर बत्ती पेटवण्याआधीच दूर ठेवावेत, हे सांगायला नको. पण घाईत विसरणारे आम्ही पाहिले आहेत.

हेड उघडल्यावर पाण्याच्या वाटा मीठ आणि चुन्याने बुजलेल्या दिसतात. मशीन तापते ते यामुळेच. पातळ व्हिनेगरने हा थर सुटतो. मात्र भाग त्यात फार वेळ ठेवू नये, नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवावा. पंपाचा रबरी इम्पेलर जुना वापरण्यात काटकसर नाही. गिअर ऑइल दुधासारखे निघाले, तर सील गेले असे समजावे.

जोडताना प्रत्येक बोल्टाला मरीन ग्रीस लावावे. जस्ताचा तुकडा निम्मा झिजला की बदलावा. मशीनऐवजी आधी तो झिजावा म्हणूनच तो बसवलेला असतो. त्यावर रंग मारणारे मिस्त्री त्याचा उपयोगच घालवतात. दर्यातून आल्यावर मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटे चालवावे. कोरडे मात्र क्षणभरही नको, इम्पेलर जळतो.

दराचे काय? उस्ताद आता चिठ्ठीवर मजुरी वेगळी आणि तुटणाऱ्या बोल्टामागचा दर वेगळा लिहून देतात, आणि ब्लॉक उघडल्याशिवाय पक्का आकडा सांगत नाहीत. त्या दिवशीच्या मशीनमध्ये सिलिंडरची भिंत पाण्याच्या बाजूने आरपार खाल्लेली निघाली. उस्तादांनी मालकाला बोलावून ती दाखवली, फक्त खोलण्याची मजुरी घेतली आणि बाकी आगाऊ रक्कम परत केली. मशीन सुट्या भागांसाठी विकायचे ठरले.